गैरहजर अशिलाचे वकील

मेहकरच्या कोर्टात मी नवा वकील म्हणून पहिल्यांदा पाऊल ठेवलं तेव्हा बाररूममध्ये पत्त्यांचा डाव रंगला होता. खेळणाऱ्या चौघांपैकी एक गृहस्थ, अंगात खादीचा लांब कोट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, हातातली पानं उपडी ठेवून उठले आणि "मी गैरहजर" असं म्हणून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाकीचे तिघे हसले. "हरायला लागले की हे असे गैरहजर होतात," त्यातल्या एकानं मला सांगितलं, "आणि कोर्टात मात्र दुसऱ्या कोणाला गैरहजर धरू देत नाहीत." खिडकीतल्या गृहस्थांनी मागं न बघता खिशातले चार फुटाणे काढून तोंडात टाकले. त्र्यंबकराव डोणगावकरांची आणि माझी ओळख झाली ती अशी पाठमोरी.

दुसरं महायुद्ध तेव्हा जोरात होतं. आमच्या भागातल्या गावागावांतून पोरं भरती होऊन गेली होती. कोणी इजिप्तला, कोणी इटलीत, कोणी मलायात, आणि घरच्यांना यातल्या एकाही ठिकाणाचं नाव धड घेता येत नसे. पोरगा गेला की त्याच्या पाठीमागं गावात सगळ्यांना जाग यायची. चुलतभाऊ वाटणी मागायचा, सासरा मुलीला माहेरी नेऊन बसवायचा, लेकराचा ताबा कोणाकडं यावरून आजी आणि मामा भांडायचे. ही सगळी भांडणं शेवटी मेहकरच्या कोर्टात येत. यातली सैनिकाची बाजू घ्यायला कोणी वकील तयार नसे. अशील समोर नाही, तारखांना अंत नाही आणि निकाल लागला तरी शाबासकी द्यायला कोणी येत नाही. त्र्यंबकराव मात्र ही कामं अंगावर ओढून घ्यायचे.

गंमत अशी की ते काँग्रेसचे. खादी वापरायचे, सरकारच्या नावानं रोज सकाळी चहाबरोबर बोटं मोडायचे. बाररूममध्ये त्यांना चिडवायची ही हक्काची जागा होती. "लढाईला विरोध आणि लढणाऱ्याची वकिली, हे कसं काय जमतं बुवा तुम्हाला?" असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "माझं भांडण सरकारशी आहे. पोरांनी माझं काय घोडं मारलंय?" आणि तेवढ्यावर विषय संपवायचे. त्यांचे एक चुलते पहिल्या लढाईत बसऱ्याला गेले होते आणि परत आल्यावर त्यांना घरात जागा उरली नव्हती, असं मी इतरांकडून ऐकलं. त्यांनी स्वतः ते कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारण्याच्या भानगडीत पडलो नाही, कारण त्यांचा राग वाईट होता. मी त्यांचा ज्युनिअर झालो होतो, आणि अर्जात एक शब्द चुकला तर ते कागद तोंडावर फेकायचे. पाच मिनिटांनी त्याच हातानं फुटाणे पुढं करायचे, तो त्यांचा माफी मागण्याचा प्रकार होता.

त्यांची एक खोड मला सुरुवातीला फार विचित्र वाटे. समोर बसलेल्या माणसाचं सगळं ऐकून झालं की ते चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "हे तुझं झालं. आता तो इथं असता तर काय म्हणाला असता?" माणूस गडबडून जायचा. भावाच्या विरुद्ध तावातावानं बोलणाऱ्याला भावाच्या बाजूनं बोलायला लावणं म्हणजे छळच. पण ते सोडायचे नाहीत. "बोल, बोल. त्याला तोंड नाही का?" असं म्हणून तो माणूस बोलेपर्यंत वाट बघत. कित्येक जण त्या प्रश्नानंतर दावा न लावताच घरी जात. त्यांचे मुन्शी रहीमभाई बाहेर ओट्यावर बसून हे ऐकत आणि कपाळावर हात मारत. "साहेब, असंच चाललं त आपलं हापीस बी एक दिवस गैरहजर होऊन जाईन," असं ते तोंडावर म्हणत. ते दोघे एका शाळेत शिकलेले, त्यामुळं रहीमभाईंना सगळं माफ होतं.

एक दावा मला अजून आठवतो. वादी होता एका शिपायाचा चुलतभाऊ. त्याचं म्हणणं, शिपायाच्या आईचं शिपायाच्या बापाशी मोहतूर लागलंच नव्हतं, तेव्हा शिपाई औरस नाही आणि वावरात त्याला हिस्सा नाही. मोहतूर म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्याकडं ते अंधार पडल्यावर, चार माणसांत, वाजंत्रीशिवाय लावायचा रिवाज. त्यामुळं वीस-पंचवीस वर्षांनी त्याचा साक्षीदार सापडणं कठीण. शिपाई लढाईवर, म्हातारी घाबरून तोंड उघडेना, आणि मुन्सफ नागपूरकडून नुकतेच बदलून आलेले, कामाचा उरक दाखवायच्या घाईत. प्रतिवादी गैरहजर म्हणून एकतर्फी निकाल लिहायला त्यांनी लेखणी उचलली तेवढ्यात त्र्यंबकराव मागच्या बाकावरून उठले.

"आपण कोणातर्फे?" मुन्सफांनी विचारलं.

"प्रतिवादीतर्फे."

"वकीलपत्र?"

"तो इटलीत आहे, साहेब. सही करायला त्याला एक हात मोकळा मिळाला की लगेच दाखल करतो."

कोर्टात हशा पिकला. मुन्सफ रागावले. पण त्र्यंबकरावांनी शांतपणे सैनिकांच्या दाव्यांबद्दलचा कायदा वाचून दाखवला. लढाईवर असलेल्या माणसाविरुद्ध त्याच्या पाठीमागं दावा चालवता येत नाही, तो परत येईपर्यंत थांबवावा लागतो. मुन्सफांना तो कायदा माहीत नव्हता असं नाही, पण त्यांच्यासमोर तो आजवर कोणी मोठ्यानं वाचला नव्हता. दावा तहकूब झाला. बाहेर आल्यावर वादी पाय आपटत म्हणाला, "तो तिकडं गोऱ्या बायकाईत मजा करून राह्यला, अन् आमी इथं ढेकळं फोडून राह्यलो. हा कोनता न्याय हाय, साहेब?"

"मग तू जा त्याच्या जागी," त्र्यंबकराव म्हणाले. "तुझ्याही दाव्याला मीच तहकुबी मागतो."

दुसरी हकीकत यूसुफची. मनियार आळीत बांगड्यांचं दुकान असलेल्या घरातला हा पोरगा रजेवर आला तो डोकं पेटवूनच. बायको त्याच्या आईला न विचारता लोणारला माहेरी जाऊन राहिली होती आणि त्यावरून गावातल्या कोणी त्याचे कान भरले होते. "साहेब, तलाकनामा लिवून द्या. अब्बीच्या अब्बी," असं म्हणून तो बसला. त्र्यंबकराव त्याचे वकील, त्याच्या दुकानाचा दावा त्यांनीच थांबवून धरलेला. ते म्हणाले, "आज काम आहे, उद्या ये." उद्या आला तर परवा ये. परवा आला तर रहीमभाईंनी आत येऊन विचारलं, "साहेब, आज बी आला तो. काय सांगू?"

"म्हणावं साहेब गैरहजर आहेत."

"अहो, तुमचा आवाज बाहेर जाऊन राह्यला."

"मग म्हणावं आवाज हजर आहे."

असं करत यूसुफची रजा संपत आली. शेगावहून त्याची गाडी होती आणि शेगावला जाणारी सर्व्हिस मोटर दुपारी सुटायची. त्या सकाळी तो आला आणि भांडायलाच उभा राहिला. त्र्यंबकराव उठले, त्याच्या दंडाला धरून त्याला माजघराच्या दारापर्यंत नेलं आणि म्हणाले, "तुझी बायको चार दिवस माझ्या घरात जेवतेय. मी तुझा वकील आहे हे खरं. पण या भांडणात गैरहजर ती होती. आधी तिचं ऐक, मग मी लिहून देतो." यूसुफ आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि तलाकनाम्याचं नाव त्यानं काढलं नाही. मोटर मात्र चुकता चुकता राहिली, कारण रहीमभाईंनी ड्रायव्हरला गप्पांत गुंतवून ठेवलं होतं.

त्या बाईला लोणारहून बोलावून घेणं ही माईंची, म्हणजे त्र्यंबकरावांच्या बायकोची करामत होती. माई बुटक्या, चटपटीत आणि जिभेनं तिखट. नवऱ्याच्या कीर्तीचं त्यांना कौतुक नव्हतं असं नाही, पण ते त्या कधी दाखवत नसत. "जो समोर नाही त्याचं यांना सगळं ऐकू येतं," त्या मला म्हणायच्या. "मी समोर बसून तीनदा सांगते की तेल संपलंय, ते नाही ऐकू येत." हे त्या थट्टेनं म्हणायच्या आणि आम्ही हसायचो.

कौसा पहिल्यांदा आली ती अशाच दिवसांत. दुसरबीडच्या पुढं खडकपूर्णेच्या काठी तिचं गाव. बाजाराच्या दिवशी गावातल्या कोणाच्या तरी दमणीत, हलक्या बैलगाडीत बसून ती एकटीच मेहकरला आली होती, सासरी न सांगता. वय विशीच्या आसपास. तिचा नवरा किसन सिंगापूरला होता. सिंगापूर पडलं आणि तो बेपत्ता असल्याची तार आली. त्यानंतर वर्ष उलटून गेलं तरी अक्षर नाही. त्यात घरचा बैल मेला, सासू अंथरुणाला खिळली, आणि कोणीतरी सांगितलं की किसनचा आत्मा भटकतोय, त्याची गती करा. प्रेत नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा असा रिवाज आहे. तो जाळला की बायकोच्या बांगड्या फोडायच्या, आणि पुढं सासऱ्याच्या मनात होतं की तिचं मोहतूर धाकट्या दिराशी, नामदेवशी लावावं, म्हणजे घरची सून घरात राहील.

"माहा नवरा मेला नाई, साहेब," कौसा म्हणाली. ती खाली जमिनीवर बसली होती आणि दोन्ही मनगटं पदराखाली झाकून धरली होती. "तारेत बेपत्ता लिवलं हाय, मेला नाई लिवलं. अन् हे लोक त्याले जिताच जाळून राह्यले. तुमी थांबवा."

त्र्यंबकरावांनी नाव विचारलं आणि उठून कपाट उघडलं. किसनचं वकीलपत्र त्यांच्याकडं होतं. भरती होताना तो बापाला घेऊन आला होता आणि "माह्या मागं कोनी काही काढलं त तुमीच पाहा," असं सांगून सही करून गेला होता. घराबद्दल, वावराबद्दल, बायकोबद्दल, सगळ्याबद्दल त्याच्या वतीनं बोलायचा अधिकार त्यानं लिहून दिला होता. असे किती तरी पोरगे सही करून गेले होते आणि ते सगळे त्र्यंबकरावांना तोंडपाठ होते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं त्या गावाला गेलो. पंच पारावर जमले. त्र्यंबकराव उभे राहून म्हणाले, "किसन मेला असं कोण म्हणतं?"

"येवढे दिस झाले, काई खबर नाई, साहेब. गेलाच म्हना ना तो," किसनचे वडील दगडूबुवा म्हणाले.

"गेला नाही. गैरहजर आहे. सात वर्षं ज्याची खबर नाही त्याला कायदा मेला म्हणतो, त्याच्या आत नाही. आणि नवरा जिवंत असताना बायकोचं दुसरं लग्न लावणं हा गुन्हा आहे. लावणाऱ्यालाही शिक्षा आहे. तक्रार करायला किसन इथं नाही असं समजू नका. त्यानं तो अधिकार मला दिलाय, आणि मी ती करीन."

पंच उठून गेले. पुतळा झाला नाही. परत येताना त्र्यंबकराव फार खुशीत होते. वाटेत दुसरबीडला मोटर थांबली तेव्हा त्यांनी मला स्वतःच्या पैशानं चहा पाजला, आणि हे दुर्मीळ होतं. कौसा गावाच्या वेशीपर्यंत आम्हाला पोचवायला आली होती, आणि तिनं हात पदराबाहेर काढलेले मला दिसले.

लढाई संपली. पोरं परतू लागली. यूसुफ आला, इटलीतला तो शिपाई आला आणि त्याचा दावा नव्यानं उभा राहिला. त्या दिवसांत त्र्यंबकरावांना एक वेडच लागलं होतं म्हणा. जो परत येईल त्याला ते घरी बोलवायचे, जेवू घालायचे आणि किसनबद्दल विचारायचे. मलायात होतास का, कोणत्या छावणीत होतास, दुसरबीडकडचा उंचसा पोरगा पाहिलास का. कैदेत राहून आलेल्या एकानं सांगितलं की छावणीतून पुष्कळ लोकांना कामावर नेलं, ते कुठं नेलं कोणालाच माहीत नाही. त्र्यंबकराव म्हणाले, "म्हणजे गैरहजरच." तो पोरगा त्यांच्याकडं बघत राहिला आणि मग मान खाली घालून जेवू लागला. लष्कराकडं त्यांनी अर्ज केले. उत्तर दर वेळी तेच आलं.

मग स्वातंत्र्य आलं, बाररूममध्ये सगळ्यांनीच खादी चढवली, आणि त्र्यंबकरावांना चिडवायला काही उरलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी कौसा दुसऱ्यांदा आली. या वेळी ती जमिनीवर बसली नाही. उभीच राहिली.

"साहेब, आता मोहतूर लागू द्या," ती म्हणाली.

त्र्यंबकरावांना ऐकू आलं नाही असं मला वाटलं. त्यांनी चष्मा पुसला. "कोणी जबरदस्ती करतंय का?"

"कोनी नाई. म्याच सांगून राह्यली. नामदेव भला मानूस हाय. तो सतरा वर्साचा होता तवा तुमी पंचाईले थांबवलं. आता तो बापाच्या बरोबरीनं कमावते. माह्या माहेरच्याईनं मले न्याचं म्हनलं त तो बोलला, वहिनीची मर्जी असंन त जाऊ द्या. आजपावतर त्यानं वर मान करून पाह्यलं नाई. पन आता मले बी समजते अन् त्याले बी समजते."

"दोन वर्षं थांब," त्र्यंबकराव म्हणाले. "सात पुरी होऊ दे. मग कायदाच तुला मोकळं करील."

"अन् मंग? कायद्याले काय घाई हाय, साहेब. मले लेकरू पायजे. दोन वर्सानं होईन का नाई, कोनाले ठाव?"

"आणि किसन आला तर? तो इथं असता तर काय म्हणाला असता?"

"आला त त्याच्या पायावर डोस्कं ठेवीन अन् म्हनीन, बापा, मी थांबली होती. लय थांबली. त्याले समजंन. तुमालेच समजून नाई राह्यलं."

त्र्यंबकराव सवयीनं म्हणाले, "मी त्याचा वकील आहे, बाई. माझा अशील गैरहजर आहे."

"तुमी त्याचे वकील," कौसा म्हणाली. आवाज चढवून नाही, अगदी सरळ. "दगडूबुवाचे वकील पंच. मंग माहा वकील कोन हाय?"

ती निघून गेली. आतल्या दारात माई उभ्या होत्या. नेहमीसारखं त्या काहीतरी बोलतील असं मला वाटलं, पण त्या तशाच आत गेल्या.

त्या आठवड्यात त्र्यंबकरावांनी पत्ते हातात धरले नाहीत. एका सकाळी मी ऑफिसात गेलो तर ते पोह्यांची बशी मांडीवर घेऊन बसले होते आणि पोहे गार झाले होते. "तू तिच्या बाजूनं बोल," ते मला म्हणाले. "मी किसनच्या बाजूनं बोलतो." मी बोललो. मला काही फार सुचलं असं नाही. दोनच गोष्टी होत्या. नवऱ्यानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं तक्रार केल्याशिवाय कोर्ट अशा लग्नाला हात लावत नाही, ही एक. आणि दुसरी कायद्यातली नव्हती. मी म्हणालो, "त्र्यंबकराव, तो थांब म्हणाला असता असं तुम्ही कशावरून धरलंत? त्याला तुम्ही एकदाच भेटलात. ती त्याच्याबरोबर दोन वर्षं राहिलीय."

त्यांनी बशीतले पोहे बोटांनी चाळवले. मग म्हणाले, "म्हणजे या जगात हरकत घेऊ शकेल असा एकच माणूस उरलाय, आणि तो हे पोहे खातोय."

"खात नाही आहात."

त्यांनी एक घास घेतला. "मी हरकत घेत नाही असं सांगून ये तिला," ते म्हणाले. आणि मी दारापर्यंत गेल्यावर, "नको. मीच येतो."

आम्ही गेलो तो दिवस मला स्वच्छ आठवतो, कारण नदीचा पूर नुकताच ओसरला होता आणि काठचे पळस हिरवेगार होते. आम्ही येतोय असा निरोप आधीच गेला होता आणि पंचांनी ठरवलं होतं, आधी पुतळा, मग सुतक, आणि ते फिटल्यावर मोहतूर. आम्हाला वाटलं होतं की त्र्यंबकरावांनी 'हरकत नाही' एवढं म्हटलं की काम झालं. नदीच्या वाळूत लाकडं रचली होती, वर पळसाच्या पानांचा माणसाएवढा पुतळा निजवला होता. त्यावर पांढरं कापड. बायका गावातच थांबल्या होत्या. माणसं वाळूत गोल उभी राहिली आणि सर्वांत म्हाताऱ्या पंचानं विचारलं, "किसन दगडू गेला असं कोन म्हन्ते?"

त्यांच्यात हा नेम होता. ज्याचं प्रेत कोणी पाहिलं नाही त्याचा पुतळा जाळायचा तर 'तो गेला' असं एकानं पंचांसमोर तीनदा बोलावं लागे. आणि ज्याला त्या मरणातून काही मिळणार आहे त्याचा शब्द चालत नसे. नामदेव पुढं झाला तर पंचानं हात केला, "तू नाई बापा. बायको तुलेच मिळनार हाय." दगडूबुवा घरचे कर्ते, वावर त्यांच्या नावावर राहणार, त्यांचाही शब्द चालत नव्हता, तरी ते म्हणाले, "मी बाप हाय, मी नाई म्हननार त कोन?" पंच विचार करून म्हणाला, बरं, म्हना. दगडूबुवांनी पुतळ्याकडं पाहिलं आणि तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग ते वाळूत खालीच बसले. भाऊबंदांपैकी कोणी पुढं येईना. जो म्हणेल त्याच्या तोंडून किसन मरणार होता. आणि कोणी म्हटलं नाही तर आजही पुतळा व्हायचा नव्हता, म्हणजे मोहतूरही नाही.

मी त्र्यंबकरावांकडं पाहिलं नाही. पाहायचं धैर्य झालं नाही.

"मी म्हणतो," ते म्हणाले.

पंच गोंधळला. "साहेब, तुमी..."

"मला यातून काही मिळत नाही. आणि मी त्याच्या बाजूचा माणूस आहे. त्यानं सही करून मला तसं लिहून दिलंय."

ते लाकडांजवळ गेले. खादीचा तो लांब कोट, पायांत वाळू गेलेले जोडे. कोर्टात बोलताना त्यांचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जायचा. इथं मी दोन हातांवर उभा होतो तरी पहिला शब्द मला नीट ऐकू आला नाही. "किसन दगडू," ते म्हणाले आणि थांबले. खोकले. "किसन गेला," ते म्हणाले. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांनी पुतळ्याकडं न बघता दगडूबुवांकडं बघितलं, आणि वाळूत बसलेल्या त्या म्हाताऱ्यानं मान हलवली.

पळसाची पानं ओली होती, आधी धूर झाला, मग एकदम पेट घेतला. फार वेळ लागला नाही. सगळे भाऊबंद रिवाजाप्रमाणे नदीत आंघोळीला उतरले. आम्ही परक्या जातीचे, पाहुणे. आम्हाला काही बंधन नव्हतं, आणि मोटरची वेळही होत आली होती. मी तसं म्हणालो. त्र्यंबकरावांनी कोट काढून माझ्या हातात दिला, चष्मा दिला, जोडे काढले आणि धोतरानिशी पाण्यात शिरले. कमरेपर्यंत पाणी होतं. नामदेवच्या शेजारी उभं राहून त्यांनी नाक धरून डोकं पाण्याखाली घातलं. बाकीचे बाहेर आले, डोकी पुसू लागले, तरी ते आतच होते. दगडूबुवा काठावरून म्हणाले, "वकीलसाहेब, या आता. थंडी वाजंन." ते आले. अंग थरथरत होतं. कोरडं कापड आमच्याकडं नव्हतं. दगडूबुवांनी आपल्या खांद्यावरचा पंचा काढला आणि त्यांच्यापुढं धरला, आणि त्र्यंबकरावांनी घरच्या माणसानं घ्यावा तसा तो घेतला आणि तोंडावर धरून ठेवला.